ब्रश हातात घ्यावासाच वाटत नाही, ताई

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचं दुखणं सारखंच निघालं. रंग आहेत, कागद आहे, सुट्टीचा दिवसही आहे, पण हात पुढे जात नाही. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही म्हणून तीन पत्रं घेतलीयत. पहिल्यावर मी जरा जास्तच बोललेय कारण तसलीच पत्रं सगळ्यात जास्त होती.

प्रश्न : ताई, मी नागपुरात मनीषनगरला राहते, बँकेत आहे, वय 44. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या, मग सगळं सुटलं, चार वर्षांपूर्वी परत वॉटरकलर सुरू केलं. सुरुवातीला मी रविवारची वाट पाहायची. आता सात-आठ महिने झाले नुसती बसून राहते. मोबाइलवर व्हिडिओ लावते आणि बघून बघून काढते, समुद्र, नारळाची झाडं, झोपडी, सूर्यास्त. चित्र बरं होतं, ग्रुपवर टाकते, मस्त-छान येतं, पण मला आतून काहीच वाटत नाही. दिवाळीत सहा हजारांचे रंग घेतले, वाटलं नवीन रंगांनी हुरूप येईल, अर्ध्या ट्यूबा अजून उघडल्या नाहीत. नवरा म्हणतो जबरदस्ती आहे का, नको काढू. पण सोडवतही नाही. मला स्वतःला आवडलेलं शेवटचं चित्र कोणतं तेही आठवून राहिलं नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नारळाच्या झाडापाशी थांबले. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बसायचं, खिडकीबाहेर कडुनिंब उभा आहे, त्याची पानगळ होऊन कोवळी लालसर पालवी फुटतेय, आणि आपण रविवारचे तीन तास समुद्र काढायचा. तुम्ही शेवटचा समुद्र कधी पाहिला होता? टोमणा नाहीये हा, माझ्या जुन्या वह्यांतही असल्या बोटी आणि झोपड्या भरपूर आहेत. पण तुमचा कंटाळा कुठून येतोय ते मला तिथेच दिसलं.

त्या व्हिडिओवाल्याने चित्र काढायला घेतलं तेव्हा काय काय ठरवलं असेल बघा. आकाश किती घ्यायचं, झाड डावीकडे की उजवीकडे, सगळ्यात गडद कुठे ठेवायचं, कागद कुठे कोरा सोडायचा, मागच्या टेकडीचं काय करायचं, ठेवायची की गाळून टाकायची. माझ्या मते चित्र काढणं म्हणजे हे ठरवणं, आणि ते सगळं त्याने आधीच करून टाकलंय, तुमच्या वाट्याला फक्त हात हलवायचं काम आलं. बँकेत आठवडाभर दुसऱ्यांनी ठरवलेले फॉर्म भरायचे आणि रविवारी परत दुसऱ्याने ठरवलेलं चित्र भरायचं, मग मन कशाला रमेल तिथे. कॉपी वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) कसा घालायचा, कोरडा ब्रश कागदावर कसा घासायचा हे मीही दुसऱ्यांचं बघूनच शिकले आणि पहिली एक-दोन वर्षं तर करावीच कॉपी. पण तुम्हाला चार वर्षं झालीत. तुमचा हात तयार झालाय, त्याला काम मिळत नाहीये, आणि तुम्ही समजताय की रस गेला.

माझं सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांनी लग्नात भेट द्यायला म्हणून माझ्याकडून दहा गणपती करून मागितले, सगळे सारखे, एकाच मापाचे, पैसेही बरे मिळत होते म्हणून मी हो म्हटलं. पहिले तीन मन लावून केले. पाचव्यापासून मी न बघताच सोंड काढायला लागले, हाताला पाठच झाली होती ती. दहा झाले, दिले, त्यांना खूप आवडले, आणि त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष माझ्याकडून एक चित्र धड झालं नाही. काहीही काढायला बसले की हात तीच वळणं घ्यायचा. पॅलेटमधले रंग तडकून त्यांचे पापुद्रे निघायला लागले तरी मी झाकण लावून ठेवलं, उघडलंच नाही. त्या दीड वर्षात मीही नवीन ब्रश घेतले, नवीन वही घेतली, इझेलसुद्धा घेतलं, त्यामुळे तुमचे सहा हजार मला अगदी समजतात.

मग एका डिसेंबरात घरी संत्र्यांची पेटी आली, आंबिया बहाराची, म्हणजे सालीवर जागोजागी हिरवट छटा राहिलेली. एक संत्रं पांढऱ्या बशीत टेबलावर तसंच पडून होतं आणि दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं येत होतं. मी काही काढायला बसले नव्हते, चहा पीत होते. तर मला दिसलं की संत्र्याची सावलीतली बाजू खालून उजळलेली आहे, बशीचा पांढरा उजेड उलटा तिच्यावर पडतोय, आणि बशीवर जी सावली पडलीय तिच्यात संत्र्याच्या अगदी जवळ एक नारिंगी झाक आहे, पुढे जाऊन ती निळसर होतेय. चाळीस वर्षं नागपुरात राहून, इतकी संत्री खाऊन, मी हे कधी पाहिलंच नव्हतं. आणि देठाजवळ जिथे आपली साल पोकळ असते ना, बोट दाबलं की आत जाते, तिथे एक खोलगट वळण होतं, ते काळ्या रंगाने येणार नाही हे मला बघता बघता कळलं. मी चहा ठेवला आणि हातात आलेल्या पहिल्या कागदावर काढायला लागले. वाईट झालं ते चित्र. टेनिसचा बॉल दिसत होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी उन्हाची वाट बघत बसले होते, कितीतरी महिन्यांनी कशाची तरी वाट बघत होते.

महिनाभर मी फक्त संत्री काढली, पूर्ण, अर्धी सोललेली, नुसती साल, एक फोड बिया दिसणारी. एकूण 31 झाली. त्यातली चार बरी होती, एक खरंच चांगलं होतं आणि ते अजून माझ्याकडे आहे.

तर तुम्हाला मी हेच सांगेन, पण तुमच्या सोयीने. आत्ता मार्च आहे, मृग बहाराची संत्री बाजारात आहेत अजून, पण संत्रंच पाहिजे असं काही नाही, तुमच्या ओट्यावरचा आल्याचा तुकडा चालेल, स्टीलचा तांब्या चालेल (कठीण आहे पण मजा येते), खिडकीतला कडुनिंब तर फारच छान. एकच वस्तू घ्या आणि पंधरा वेळा काढा. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांडी नावाचे चित्रकार होते, 1890 ते 1964, त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं आपल्या खोलीतल्या त्याच त्या बाटल्या आणि भांडी मांडून काढली, मांडणी थोडी थोडी बदलून, आणि त्यातलं एक चित्र दुसऱ्यासारखं वाटत नाही. वस्तू तीच राहिली की डोळा आपोआप दुसरं काही शोधायला लागतो, उजेड, कडा, दोन वस्तूंमधली मोकळी जागा.

कागद छोटा घ्या. चांगल्या कॉटनच्या कागदाची मोठी शीट 22 बाय 30 इंचांची मिळते, तिचे सोळा तुकडे करा, प्रत्येक साडेपाच बाय साडेसात होतो. पंधरा चित्रांना पंधरा तुकडे आणि सोळावा रंग तपासायला. लहान कागदाचा फायदा हा की वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, बिघडला तर जीव हळहळत नाही, आणि रविवारपर्यंत थांबायची गरज राहत नाही, ऑफिसातून आल्यावर चहानंतरही होऊन जातो. मोठ्या कागदासमोर आपण घाबरतो हे खरंय, मान्य करायला काय हरकत आहे.

रंग तीनच. ते सहा हजारांचे रंग राहू द्या कपाटात, वाया जात नाहीत, ट्यूबचं झाकण घट्ट असेल तर वर्षानुवर्षं टिकतात. एक पिवळा (गॅम्बोज असेल तर उत्तम), एक क्रिमसन आणि एक अल्ट्रामरीन निळा. पिवळ्यात क्रिमसन थोडं थोडं घालत गेलं की संत्र्याचे सगळे नारिंगी मिळतात, त्यात निळ्याचा जेमतेम स्पर्श केला की सावलीचा करडा-तपकिरी, आणि पिवळ्यात निळ्याचा थेंब टाकला की आंबियाची ती हिरवट झाक. काळी ट्यूब अजिबात उघडू नका. एक लक्षात ठेवा, वॉटरकलर वाळल्यावर फिकट होतो, ओला असताना जेवढा गडद वाटतो तेवढा राहत नाही, म्हणून सावल्या जरा धाडसाने घाला, नाहीतर वाळल्यावर सगळं धुतल्यासारखं दिसेल आणि तुम्ही परत म्हणाल की जमत नाही. खोक्यात चोवीस रंग असतात तेव्हा आपण तयार हिरवा, तयार नारिंगी उचलतो, म्हणजे तिथेही ठरवायचं काम कंपनीनेच केलेलं असतं. तीन रंगांत तुम्हाला प्रत्येक वेळी स्वतः ठरवावं लागतं.

आणि ग्रुपवर टाकू नका. पंधरा पूर्ण होईपर्यंत कोणालाच दाखवू नका, घरात दिसली तर दिसली. ग्रुपमधले लोक वाईट नसतात, पण त्यांना तुमची जी चित्रं आवडून गेलीत तशीच परत आवडतात, सूर्यास्ताला चाळीस अंगठे येतात आणि आल्याच्या तुकड्याला चार, आणि मग पुढच्या रविवारी हात आपोआप सूर्यास्ताकडे जातो. माझ्या ओळखीत तीन-चार जणांचं असं झालेलं मी पाहिलंय, चांगला हात असलेले लोक.

मूडबद्दल एक. पोळ्याच्या आधीच्या दिवसांत आपल्या महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्ती रंगवणाऱ्यांच्या गल्लीत, एकदा जाऊन या, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आणि गणपती दोन्हीची गडबड असते तेव्हा तिथे. मी दरवर्षी जाते आणि एका कोपऱ्यात उभी राहते. एक काका आहेत, ते मूर्तीचे डोळे करतात. प्रत्येक डोळ्याआधी ब्रशचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून बघतात, श्वास धरतात, आणि एका दमात पापणीची रेघ ओढतात, मग मूर्तीपासून एक पाऊल मागे सरकून बघतात. शेकडो डोळे झाले असतील दिवसभरात, तरी नखावर ब्रश फिरवणं चुकत नाही आणि मागे सरकणं चुकत नाही. तारीख ठरलेली असते, चतुर्थी काही थांबत नाही, त्यामुळे आज मूड आहे का हा प्रश्नच त्यांना पडत नसावा. मी दहा गणपतींनी थकले आणि हे शेकड्याने करून थकत नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं ते दर वेळी बघतात. मी बघणं सोडून दिलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार धीर देते. सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, जन्म 1922 चा, 1939 ते 43 आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला जे. जे. आणि 1950 मध्ये फ्रान्स. तिकडे नाव झालं, मान मिळाला, आणि तरी सत्तरच्या दशकात ते स्वतःच्याच कामावर नाराज होते, आपल्या चित्रात काहीतरी खरं राहून जातंय असं त्यांना वाटत होतं. पन्नाशी ओलांडलेला, जगाने मानलेला चित्रकार! मग ते भारतात येऊन फिरले, अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, आणि त्यातून त्यांच्या चित्रात तो बिंदू आला ज्यासाठी आज आपण त्यांना ओळखतो. आणि तो बिंदू होता कुठला, तर लहानपणी शाळेत चित्त थाऱ्यावर नसलेल्या या पोराला मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला होता, त्याच्याकडे बघत बस म्हणून. मंडल्याच्या शाळेतला ठिपका पॅरिसमध्ये परत सापडला त्यांना. तुमच्याकडेही शाळेतलं काहीतरी असेल, इंटरमिजिएटला स्थिरचित्र असायचंच ना, तुम्हाला त्यात काय आवडायचं ते आठवून बघा, कापडाच्या घड्या की भांड्याची चमक की आणखी काही. मला तर वाटतं तुमचं शेवटचं आवडलेलं चित्र कदाचित तिथेच सापडेल.

तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे, जबरदस्ती नाहीच आहे. पण सोडवत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सोडू नका. पंधरा झाली की त्यातली कोणती दोन ठेवली आणि का, एवढं मला नक्की लिहून पाठवा.

प्रश्न : नमस्कार ताई, मी प्रतापनगरला राहतो, वय 68, रेल्वेतून रिटायर झालो. तरुणपणी पुष्कळ जलरंग केले, नोकरीत कमी झाले, रिटायरमेंटनंतर परत धरले आणि पाच-सहा वर्षं चांगली गेली. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र आकाशाचा साधा वॉश जमेनासा झालाय. मध्येच रेघ पडते, डाग येतात, काही ठिकाणी रंग ब्लॉटिंग पेपरसारखा आत जातो. हातही थोडा थरथरतो आता. कागद माझ्याकडे चांगलाच आहे, रिटायर झालो तेव्हा मित्रांनी भारी कागदाचा गठ्ठा भेट दिला होता तोच वापरतो. मला वाटतं आपला हात गेला. आता बंद करावं का?

उत्तर : काका, बंद अजिबात करू नका, आधी कागद तपासा. चांगल्या वॉटरकलर पेपरवर जिलेटिनसारखा एक लेप असतो, सायझिंग म्हणतात त्याला, त्यामुळे रंग कागदाच्या वर थोडा वेळ थांबतो आणि आपल्याला तो फिरवता येतो. हा लेप कायमचा नसतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बरीच वर्षं पडून राहिलेल्या कागदावर तो जागोजागी मरतो, आणि वरून कागद अगदी नवा दिसतो, म्हणून कळत नाही. तुमचा गठ्ठा रिटायरमेंटचा म्हणजे आठ-दहा वर्षांचा झाला असणार. एक करा, त्यातल्या एका कागदावर चार-पाच ठिकाणी स्वच्छ पाण्याचा एकेक थेंब सोडा आणि मिनिटभर बघा. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर कागद ठीक आहे, लगेच आत जाऊन तिथे काळपट ओला डाग पडला तर लेप गेलाय. तुम्ही जे ब्लॉटिंग पेपरसारखं लिहिलंय त्यावरून मला जवळजवळ खात्रीच आहे. तो गठ्ठा टाकून देऊ नका, चारकोलला, पेस्टलला छान चालेल, वॉटरकलरसाठी मात्र नवीन दोन शीट आणून करून बघा आणि मग हाताबद्दल ठरवा.

आणि मध्येच रेघ पडते ती उन्हाळ्याची. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत, वॉशची पहिली पट्टी वाळून जाते तोवर दुसरी घालायला ब्रश पाण्यात बुडलेलाच असतो. वॉश घालताना बोर्ड जरासा तिरपा ठेवला की पट्टीच्या खालच्या कडेला रंगाची एक ओली ओळ साचते, पुढची पट्टी त्या ओळीला उचलून खाली नेते, असा सगळा खेळ आहे, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहिती आहे काका. ती ओळ वाळली की संपलं, तिथे कडक रेघ येणारच, मग हात कोणाचाही असो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत बसा. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून काचेवर किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या शीटवर चिकटवा, खालून ओला राहिला की बराच वेळ मिळतो. रंग बशीत आधीच भरपूर कालवून ठेवा, मध्येच कमी पडला की गेलं. पाण्याच्या वाटीत ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तर वाळणं लांबतं, जास्त टाकू नका, मग चित्र चिकट राहतं. कूलर चालू असेल तर खोलीतली ओल उपयोगी पडते पण त्याचा झोत कागदावर येऊ देऊ नका.

थरथरीचं डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, त्यात आळस नको. चित्रापुरतं सांगायचं तर मोठा ब्रश घ्या आणि उभं राहून खांद्यातून हात फिरवा, मनगटातून फिरवलं की थरथर दिसते. बारीक कामासाठी साइनबोर्ड रंगवणारे लोक एक काठी तिरपी धरून तिच्यावर मनगट टेकवतात, तसली काठी घरी सहज होते, टोकाला कापडाची गुंडाळी बांधायची. आणि खरं म्हणजे झाडाची फांदी थोड्या थरथरत्या हाताने फारच सुंदर येते, मुद्दाम तशी काढायला लोकांना वर्षं लागतात.

प्रश्न : ताई मी इंजिनिअरिंगला आहे, थर्ड इयर, ॲक्रिलिक करतो. पण आपल्या इथे काढायला आहेच काय? डोंगर नाही, समुद्र नाही, जुने वाडे पडून राहिले. विषयच सुचत नाही म्हणून सहा महिन्यांपासून बंद आहे. तुम्ही विषय कुठून आणता?

उत्तर : अरे, वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, 1924 साली, आणि त्यांच्या चित्रात तर डोंगर पण नाही आणि समुद्र पण नाही, नुसता रंग आणि उजेड आहे. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचे ते, बाकीचा वेळ बघण्यात, विचारात जायचा. त्यामुळे सहा महिने बंद होतं याचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, पण बघणं बंद असेल तर ते सुरू कर.

आज कॉलेजातून येताना सीताबर्डीला मेट्रोच्या खांबांखाली पाच मिनिटं थांब, वरून गाडी गेली की खालच्या ठेल्यांवर काय होतं ते बघ. पडून राहिलेले वाडे म्हणालास, मग महालातला एखादा वाडा पडतानाच काढ ना, अर्ध्या भिंतीवर आतला निळा चुना उघडा पडलेला असतो, तो तुटलेला कोनाडा, लोंबणारी वायर, दोन वर्षांनी तिथे बिल्डिंग असेल आणि कोणाकडेच ते चित्र नसेल. सिव्हिल लाइन्समध्ये अजब बंगला आहे, 1863 पासूनचं म्युझियम, तिथे वही घेऊन जा, आत काढलेलं चालतं का ते आधी विचार, पेंढा भरलेले प्राणी-पक्षी हलत नाहीत हा शिकणाऱ्यासाठी मोठाच फायदा आहे. आणि आत्ता रामटेकच्या रस्त्याला पळस फुललेत, पान एक नाही, नुसती केशरी फुलं आणि काळी वाकडी फांदी, ॲक्रिलिकवाल्याला याहून काय पाहिजे. फक्त एवढं की फोटो काढून घरी येऊन करू नकोस, फोटोत तो केशरी चपटा होतो, तिथेच छोट्या बोर्डवर रंग लावून घे. ॲक्रिलिक उन्हात पॅलेटवरच वाळतं, म्हणून डब्यात ओला टिश्यू पेपर आणि वर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढ, दोन तास आरामात चालतो, आणि वाळल्यावर थोडा गडद होतो हे धरून जरा फिकाच कालव.

पळस फार दिवस राहत नाही, या रविवारी गेलास तर मिळेल. ते नाही जमलं तर फुटाळा तलावावर जा, पण सकाळी जा, संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा मिळत नाही.